मलप्रभेच्या उगमाकडील एक अंगण

बेळगावहून गोव्यात उतरायला तीन वाटा आहेत. एक आंबोलीची, सावंतवाडीवरून जाणारी. दुसरी खानापूर-लोंढा-रामनगर करीत अनमोड घाटाने उतरणारी. आणि तिसरी जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाटाने साखळीच्या बाजूस पोचणारी. तिसरी वाट सर्वांत जवळची, म्हणून घाईच्या माणसांची. बेळगाव, धारवाड, मिरज, सांगली या बाजूंची कितीतरी मराठी कुटुंबे मंगेशी-शांतादुर्गेच्या दर्शनाला किंवा लग्नकार्याला याच वाटेने जातात. सकाळी बेळगावात चहा आणि दुपारी गोव्यात जेवण, एवढाच त्यांचा या रस्त्याशी संबंध. मधला मुलूख गाडीच्या काचेतून मागे सरकत जातो. कोणी कणकुंबीला थांबून माउलीच्या देवळात हात जोडतो, कोणी घाटातील धुक्यासमोर उभे राहून छायाचित्र काढतो. रस्त्याच्या डाव्या-उजव्या हातांस फुटणाऱ्या तांबड्या मातीच्या वाटा कोठे जातात, हे विचारण्याचे सहसा कोणाला सुचत नाही. त्या वाटांवर राहणाऱ्या लोकांविषयी चार शब्द लिहावेत, असे पुष्कळ दिवस मनात होते.

बेळगाव सोडल्यावर पहिले काही मैल भातशेतीचे. जांबोटीला खानापूरहून येणारा रस्ता मिळतो आणि तेथून भूमीचा चेहरा बदलतो. शेते आकसतात, झाडी दाट होते, हवेला ओलसर पानांचा वास येतो. मार्चमध्ये काजूला बोंडे धरू लागलेली असतात, फणसाच्या बुंध्यांना कोवळे फणस लटकलेले असतात. पावसाळ्यात मात्र हा मुलूख सह्याद्रीचे खरे रूप दाखवतो. जून ते सप्टेंबर घराच्या पडव्यांना गवताच्या तट्ट्या बांधून माणसे आत राहतात, चूल दिवसभर धुमसत ठेवतात, आणि ओल्या कपड्यांना उन्हाचा नव्हे तर धुराचा वास लागतो.

कणकुंबीला मलप्रभेचा उगम आहे. देवळाजवळच्या कुंडातून निघालेली ही एवढीशी नदी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाच्या धरणात विसावते, पट्टदकल आणि ऐहोळे येथील प्राचीन मंदिरांच्या शेजारून वाहते आणि कूडलसंगमला कृष्णेस मिळते. म्हणजे येथे पडलेला पाऊस बंगालच्या उपसागरास जातो. पण याच तालुक्यात, फार दूर नव्हे, म्हादईचा उगम आहे. ती पश्चिमेकडे वळते, गोव्यात मांडवी होते आणि पणजीजवळ अरबी समुद्रास मिळते. एकाच डोंगररांगेवरचा पाऊस असा दोन समुद्रांत विभागला जातो. या पाण्याच्या वाटणीवरून कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र यांच्यात चाललेला वाद सर्वश्रुत आहे. २०१० साली त्यासाठी लवाद नेमला गेला आणि २०१८ साली त्याने निवाडा दिला, तरी वाद मिटलेला नाही. ज्यांच्या अंगणातून हे पाणी निघते, त्या लोकांना मात्र उन्हाळ्यात हंडा घेऊन ओहोळापर्यंत उतरावेच लागते.

रस्त्याच्या आतील अंगास भीमगडचे रान आहे. शिवकालाशी नाते सांगणारा भीमगड किल्ला त्यात उभा आहे. २०११ साली या रानास अभयारण्य म्हणून घोषित करण्यात आले. येथील बारापेडे गुहांत रॉटनच्या नावाने ओळखले जाणारे अत्यंत दुर्मीळ वटवाघूळ आढळते, म्हणून जगभरच्या प्राणिशास्त्रज्ञांना हे नाव ठाऊक आहे. रानात गवे आहेत, अस्वले आहेत, क्वचित वाघाचा माग दिसतो. आणि या सर्वांच्या सोबतीने माणसेही आहेत. पंधरा, वीस, चाळीस घरांच्या वाड्या; थोडे भात, थोडा नाचणा, दारात काजू आणि कोकम. गवळ्यांचे वाडे आणखी उंचावर. बोली मराठी, पण तिच्यावर कोकणीचा हात फिरलेला, आणि बाजारापुरते कानडी सर्वांना येणारे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि हा तालुका मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. राज्ये बदलली, पण वाडीवरील आजी नातवाला झोपवताना जे गाणे म्हणते त्याची भाषा बदलली नाही. सरकारी मराठी शाळा आजही येथे आहेत. त्यांची पटसंख्या कोणत्या आकड्याच्या काठावर उभी असते, हे या मासिकाच्या वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

अशा मुलुखात शाळा टिकते ती केवळ शिक्षकांच्या बळावर नव्हे. ती वाहनावर टिकते. जून २०२३ पासून कर्नाटकात स्त्रियांना आणि मुलींना सरकारी बसने तिकिटाविना प्रवास करता येतो. ही मोठीच सोय झाली. पण जेथे बसच येत नाही तेथे तिकीट माफ असून काय उपयोग? आतल्या वाड्यांपासून मुख्य रस्ता पाच-सहा किलोमीटर. ती वाट रानातून जाते. दिवसा माणसे चालतात. पहाटे आणि तिन्हीसांजेला अस्वलाच्या भीतीने कोणी एकटे निघत नाही.

येथे एका वाहनाचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. ते म्हणजे मारुतीची ओमनी. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० ही छोटी मोटार रस्त्यावर आली, आणि पुढच्याच वर्षी, १९८४ साली, तेच ७९६ घनसेंटिमीटरचे तीन नळकांड्यांचे इंजिन घेऊन मारुती व्हॅन आली. १९८८ साली तिला ओमनी हे नाव मिळाले. पावाच्या लादीसारखा आकार, दोन्ही बाजूंस सरकणारी दारे, इंजिन पुढच्या बैठकीच्या पोटाखाली. शहरांत तिचा उपयोग रुग्णवाहिकेपासून भाजीच्या गाडीपर्यंत सर्व कामांसाठी झाला. २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. शहरी रस्त्यांवर ती आता विरळ होत चालली आहे. खानापूरच्या पश्चिम भागात मात्र ती अद्याप गावाची सर्वकामी सेविका आहे. प्रसूतीच्या कळा सुरू झालेली बाई, खताचे पोते, लग्नाचा मुलगा, देवीची पालखी आणि दहावीची मुले, या सर्वांना तिने वाहिले आहे.

२०२४ साली होळी आणि दहावीची परीक्षा हातात हात घालून आली. सोमवारी, २५ मार्चला, पहिला पेपर. तो प्रथम भाषेचा, म्हणजे आमच्या मुलांना मराठीचा. आदल्या रात्री, रविवारी, होळी. परीक्षेचे केंद्र खानापुरात. एका वाडीवरून सहा मुली आणि एक मुलगा असे सात जण परीक्षेस बसणार होते. त्यांना नेण्या-आणण्यासाठी पालकांनी मिळून वाडीतीलच एका गृहस्थांची ओमनी ठरवली होती. ही गाडी २०१२ सालची. त्यांनी ती दोन पावसाळ्यांपूर्वी दुसऱ्याकडून विकत घेतलेली. मुले त्यांना मामा म्हणत, म्हणून आपणही मामाच म्हणू. मुलांचा अखेरचा अभ्यास घेण्यासाठी मी शनिवार-रविवार त्या वाडीवर मुक्कामाला होतो.

शनिवारी दुपारी मामा बाजार घेऊन परतत होते. वाडीच्या अलीकडील चढावर गाडी बंद पडली. आचका नाही, ठसका नाही, धूर नाही. कोणी दिवा मालवावा तशी ती गप्प झाली. चावी फिरवली की इंजिन फिरल्याचा आवाज येई, पण तो नेहमीसारखा अडखळत, दम घेत येणारा आवाज नव्हता. एकसारखा, हलका, पोकळ असा तो होता. मामांनी तेल घालण्याचे झाकण उघडले, आत डोकावले आणि मुलाला चावी फिरवायला सांगितली. आतील दांडा आणि त्यावरची हालणारी जिभाळी जागची हलली नाहीत. मामा झाकण लावून म्हणाले, ‘‘गुरुजी, पट्टा गेला. टायमिंगचा.’’

ज्यांनी मोटारीच्या पोटात कधी डोकावले नाही त्यांच्यासाठी हा पट्टा म्हणजे काय ते सांगितले पाहिजे. इंजिनाच्या नळकांड्यांत दट्टे खालीवर होतात आणि त्यांच्यामुळे खालचा क्रँक नावाचा वाकडा दांडा फिरतो. नळकांड्यांच्या माथ्यावर हवा-पेट्रोल आत घेणारी आणि जळलेला धूर बाहेर सोडणारी झडपे असतात. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. ती उघडण्याचे काम वरचा कॅम नावाचा दांडा करतो. खालचा दांडा दोन वेळा फिरला की वरचा बरोबर एकदा फिरला पाहिजे. त्यासाठी वरच्या चाकाला खालच्याच्या दुप्पट दाते असतात आणि दोघांना एक दातेरी रबरी पट्टा बांधलेला असतो. पूर्वी हे काम साखळीने किंवा दातेरी चाकांनी होत असे. मोठ्या संख्येने बनवल्या जाणाऱ्या मोटारीत असा रबरी पट्टा प्रथम वापरला तो १९६२ साली जर्मनीतील ग्लास कंपनीने, आणि मग तो जगभर पसरला. नव्या गाड्यांपैकी अनेकींत पुन्हा साखळी आली आहे, तो भाग वेगळा. पट्टा हलका, आवाज न करणारा, तेलपाणी न मागणारा. त्याचा दोष एवढाच की तो तुटताना सूचना देत नाही. तो तुटला की खालचा दांडा फिरत राहतो आणि वरचा थांबतो. काही इंजिनांची रचना अशी असते की त्या क्षणी उघडे राहिलेले झडप वर येणाऱ्या दट्ट्यावर आदळून वाकते. मग सारे इंजिन उकलावे लागते. काहींत दोघांमध्ये पुरेसे अंतर असते आणि ती वाचतात.

गाडी ट्रॅक्टरला दोर बांधून मामांच्या अंगणात आणली गेली. मामांचा भाचा बेळगावला उद्यमबागेतील एका कारखान्यात काम करतो. बेळगावचे ओतकाम आणि यंत्रकाम प्रसिद्ध आहे. आमच्या तालुक्यातील किती तरी मुलांनी पाना हातात धरला तो तेथे. हा भाचा कारखान्यात जाण्यापूर्वी चार वर्षे एका गॅरेजमध्ये होता आणि होळीसाठी त्याच रात्री गावी यायचा होता. वाडीवर दूरध्वनीचा आवाज पोचत नाही. मामा आणि मी देवळामागच्या टेकडीवर चढलो, तेव्हा कोठे त्याच्याशी बोलणे झाले. त्याने तीन प्रश्न विचारले, उत्तरे ऐकली आणि म्हणाला, ‘‘मामा, दुकानं बंद व्हायच्या आत पट्टा घेतो. बेअरिंग आणि सीलपण घेतो. तोवर चावी लावू नका.’’

त्या रात्री वाडीत दोन विचार चालले होते. दुसरी गाडी मिळवावी हा पहिला. पण होळीच्या दिवशी आसपासची प्रत्येक गाडी आधीच कोणी ना कोणी सांगून ठेवलेली. मुलांना रविवारीच खानापुरात नेऊन ओळखीच्यांकडे ठेवावे हा दुसरा. त्याला मुलींच्या घरून नकार आला. सणाच्या रात्री मुलगी परक्या घरी कशी ठेवायची? सात जणांत गवळीवाड्यावरची एक मुलगी होती. तिच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. तिचे वडील मितभाषी. ते एवढेच म्हणाले, ‘‘गाडी झाली तर जाईल. नाही झाली तर ऱ्हाऊ दे. तिच्या नशिबात तेवढंच.’’ २०२४ साली कर्नाटकात त्याच वर्षी दुसरी आणि तिसरी परीक्षा देण्याची सोय झाली होती. ती मी त्यांना समजावून सांगितली. त्यांनी मान डोलावली. पण ज्या घरातून मुलगी एकदा परत वळते त्या घरातून ती दुसऱ्यांदा निघणे किती अवघड असते, ते या भागात शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. शासनाच्या परिपत्रकात दुसरी संधी असते. उंबरठ्यावर ती बहुधा नसते.

भाचा शेवटच्या बसने जांबोटीला उतरला आणि कोणाच्या तरी मोटारसायकलवर बसून मध्यरात्रीच्या सुमारास पोचला. रविवारी सूर्य वर येण्यापूर्वी त्याने कामास हात घातला. प्रथम बॅटरीची तार सोडवली. मागच्या चाकांना दगड लावले. पुढचा भाग जॅकने उचलून त्याखाली फणसाच्या लाकडाचे दोन चौकोनी ठोकळे बसवले आणि मग गाडी हलवून पाहिली. ‘‘नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही,’’ हे वाक्य त्याने अंगणात जमलेल्या पोरांना दोनदा ऐकवले. पुढच्या बैठकी निघाल्या, इंजिन उघडे पडले. पंख्याचा पट्टा सैल करून काढला. क्रँकच्या टोकाची पुली मात्र निघेना. गाडी गिअरमध्ये टाकून मामांनी ब्रेक दाबून धरला, पान्यावर लोखंडी नळी चढवली, तेव्हा कोठे बोल्टाने कुरकुरत आपली जागा सोडली.

माझ्याकडे निघालेल्या वस्तू सांभाळण्याचे काम होते. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर आकडे घालून मी प्रत्येक आकड्यावर त्या त्या ठिकाणचे नटबोल्ट वाटीत ठेवले. ओसरीवर पाटाच्या रांगेत वाट्या मांडलेल्या पाहून मामांच्या आई म्हणाल्या, ‘‘गुरुजी, पंगत कुणाची मांडलीय?’’

झाकण निघाले आणि पट्टा दिसला. तो एका जागी तुटला होता आणि बऱ्याच अंतराचे दाते सपाट झाले होते. भाच्याने तो नाकाशी धरला, दोन बोटांत चोळला. रबर फुगून मऊ झाले होते. वरच्या दांड्याच्या टोकाशी तेल अडवणारी रबरी कडी, तिला सील म्हणतात, झिजली होती. तेथून थेंब थेंब तेल पट्ट्यावर पडत होते. ‘‘नुसता पट्टा घातला असता तर वरसात परत तुटला असता,’’ तो म्हणाला. रोगाचे मूळ शोधल्यावाचून औषध देणाऱ्या वैद्यांची आणि शिक्षकांचीही संख्या कमी नाही. या मुलाचे मला कौतुक वाटले. त्याने वरचे चाक उतरवून नवे सील बसवले. पट्टा ताणून धरणारे बेअरिंग हातात फिरवून पाहिले. ते खरखरत होते, म्हणून तेही बदलले. तेलकट जागा चिंधीने कोरड्या केल्या.

आता खरी परीक्षा. तिन्ही प्लग काढून त्याने क्रँकवर पाना लावला आणि अगदी सावकाश, श्वास रोखून, तो फिरवू लागला. कोठे अडले तर जोर करायचा नाही. अडले म्हणजे झडप वाकले, आणि झडप वाकले म्हणजे आजचे काम संपले. अंगणात कोणी बोलत नव्हते. पाना अडखळला नाही. क्रँकवरची खूण तिच्या बाणासमोर आली. वरच्या चाकाची खूण तिच्या खाचेसमोर आणली. मग त्याने नवा पट्टा घेतला. तो दुमडायचा नाही, पिळायचा नाही, त्याला तेलाचा हात लावायचा नाही. एका बाजूने ताठ ठेवून तो दोन्ही चाकांवर चढवला, सैल बाजूस बेअरिंगची स्प्रिंग सोडली, तिने ढील ओढून घेतली आणि बोल्ट आवळले.

बैठकीखालच्या अंधारात दिवा धरून गवळीवाड्यावरची ती मुलगी उभी होती. तिची आजची उजळणी राहील म्हणून मी तिला दोनदा आत जायला सांगितले. ती गेली नाही. भाच्याने रिवाजाप्रमाणे क्रँक हाताने पूर्ण दोन वेळा फिरवून खुणा पुन्हा पाहण्यास सुरुवात केली. त्याने खालची खूण पाहिली आणि मान हलवली. तेवढ्यात ती म्हणाली, ‘‘दादा, वरची एक दाता पुढं हाय.’’ तो वाकला, दिवा जवळ घ्यायला लावला, बराच वेळ पाहत राहिला. एकच दाता. बोटाच्या पेराहूनही कमी अंतर. पट्टा चढवताना वरचे चाक किंचित सरकले होते. एका दात्याच्या चुकीने इंजिन कदाचित सुरूही झाले असते, पण घाटात दम टाकले असते. त्याने एक शब्द न बोलता बेअरिंग सैल केले, पट्टा उतरवला आणि सारे पहिल्यापासून मांडले. दुसऱ्या खेपेस दोन फेऱ्यांनंतर दोन्ही खुणा जागच्या जागी आल्या. मग त्याने प्लगच्या पहिल्या भोकावर त्या मुलीला अंगठा दाबून धरायला सांगितले आणि खालून क्रँक फिरवला. आतील हवेने अंगठा बाहेर ढकलला. दुसऱ्या भोकावर तसेच, तिसऱ्यावर तसेच. झडपे नीट मिटत होती. मुलीने काळा झालेला अंगठा परकराला पुसला नाही. हात धुऊन, पुस्तक उघडून ती ओसरीवर बसली.

उतरत्या क्रमाने निघालेल्या वस्तू चढत्या क्रमाने परत गेल्या. शेवटची वाटी रिकामी झाली तेव्हा ऊन कौलांच्या वळचणीवर पोचले होते. ती कौले खानापूरच्या लाल मातीची. त्या मातीचा गुण एवढा, की खानापुरात कुंभारकामाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली. बॅटरीची तार जोडली. मामांनी देवाचे नाव घेऊन चावी फिरवली. पहिल्या वेळी नुसता आवाज. दुसऱ्या वेळी इंजिनाने सूर धरला आणि तो धरून ठेवला. भाच्याने हात वर केला नाही की जल्लोष केला नाही. डोके बाजूला झुकवून तो बराच वेळ ऐकत राहिला, गवई तंबोरा जुळल्यावर ऐकतो तसा. मग म्हणाला, ‘‘एक चक्कर मारून येऊ. थंड झाल्यावर परत बघतो.’’

त्या रात्री होळीला सारी वाडी जमली. मुलांना मात्र नऊच्या आत निजवले. सोमवारी सकाळी आठ वाजता गाडी निघाली. पुढे मामा, शेजारी भाचा, मागे मुले. आम्ही काही मोठी माणसे मागून मोटारसायकलींवर. धुके अजून झाडांच्या पोटात होते. जांबोटीच्या फाट्यावर खानापूरकडे वळेपर्यंत कोणी फारसे बोलले नाही. साडेदहाला पेपर सुरू झाला तेव्हा सातही जण आपापल्या बाकावर होते. निकालाचे आकडे येथे देण्याचे प्रयोजन नाही. गवळीवाड्यावरच्या मुलीचे वडील शेवटच्या पेपरच्या दिवशी स्वतः खानापूरला आले, फाटकाबाहेर उभे राहिले आणि मला म्हणाले, ‘‘पुढं कुठं घालायची हिला, गुरुजी?’’ एवढे मला पुष्कळ झाले.

तुटलेला पट्टा मी मागून घेतला. तो आता शाळेच्या विज्ञानाच्या कपाटात आहे. गुणोत्तराचा पाठ आला की मी तो बाहेर काढतो. दोनास एक हे गुणोत्तर फळ्यावर लिहिल्याने जे मुलांच्या लक्षात राहत नाही ते या काळ्या, झिजलेल्या पट्ट्याने राहते. एका दात्याची चूक म्हणजे काय, हेही.

आपल्या समाजात पुस्तकी विद्येचे स्तोम फार आहे. मराठीचे रक्षण म्हणजे ग्रंथालय, संमेलन आणि व्याख्यानमाला अशी आपली समजूत असते. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे आहे याचा मलाही अभिमान वाटतो. परंतु सीमेवरच्या रानातील मराठी शाळेचा एक वर्ग त्या वर्षी परीक्षेस बसला, तो उद्यमबागेत पाना धरायला शिकलेल्या एका मुलाच्या हातामुळे आणि सीलचा थेंब पाहणाऱ्या त्याच्या डोळ्यामुळे. भाषा टिकवणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव कोणी लिहिणार नाही. त्याला ते लिहिले जावे असे वाटतही नसेल.

चोर्ल्याच्या वाटेने आपण पुन्हा जाल तेव्हा कणकुंबीला अवश्य थांबा. कुंडाचे पाणी पाहा. पावसाळ्यानंतर गेलात तर ते अधिक निर्मळ दिसते. येता-जाता जांबोटीच्या फाट्यावर चहा घ्या आणि टपरीवाल्याशी दोन शब्द मराठीत बोला. तो लगेच गाव विचारील. पाच मिनिटे वेळ असेल तर रस्त्यावरून फुटलेल्या एखाद्या तांबड्या वाटेकडे बोट दाखवून ती कोठे जाते ते विचारा. आणि जुनी गाडी घेऊन निघणार असाल, तर निघण्यापूर्वी तिचा पट्टा केव्हा बदलला होता, याची चौकशी करून घ्या. घाट उभा आहे, रान दाट आहे, आणि भाचे दर होळीलाच गावी येतात.